थिरा बेटावरील एक दिवस

ईजियन समुद्रांतील थिरा, ऊर्फ सांतोरिनी, या ग्रीक बेटापुढें सफरीचें मोठें जहाज थांबतें, पण धक्क्याला लागत नाहीं. उतारूंना लहान होड्यांतून किनाऱ्यावर आणतात. समोरचा उपसागर म्हणजे ज्वालामुखीचें खचलेलें व समुद्रानें भरलेलें मुख होय. कड्याला लागूनच पाणी इतकें खोल कीं नांगर तळाला टेकणें कठीण.

फिरा गांव कड्याच्या माथ्यावर आहे. वर जाण्यास सुमारें ६०० पायऱ्या आहेत, खेंचरें आहेत आणि दोरावरचे पाळणेही आहेत. बहुतेक मंडळी पांढरीं घरें पाहून इया गांवच्या सूर्यास्ताकडे धांवतात. ज्याला घाई नाहीं त्यानें मात्र दक्षिणेस अक्रोतिरी गांठावें. साडेतीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं महास्फोटाच्या राखेनें गाडलेल्या या नगराचें उत्खनन मारिनातोस या संशोधकानें १९६७ सालीं आरंभिलें. दुमजली-तिमजली घरें, रांजण, रस्त्याखालचीं गटारें, सारें जागच्या जागीं. स्फोटांत सांपडलेल्या माणसांचे सांगाडे मात्र नाहींत. आधींच्या भूकंपाचा इशारा ओळखून लोक निघून गेले असावेत.

वाटेंत द्राक्षांचे मळे लागतात. ते सावकाश पाहण्यासारखे आहेत. पाऊस अल्प आणि वारा दांडगा, म्हणून वेल मांडवावर न चढवितां टोपलीसारखा वळवून जमिनीलगत ठेवितात. घड त्या टोपलीच्या आंत पिकतात.

उपसागराच्या मध्यावरील नेआ कामेनी हें काळें बेट १९५० सालीं शेवटचें धगधगलें. १९५६ च्या भूकंपानें थिरावरील पुष्कळ घरें पाडलीं. २०२५ च्या फेब्रुवारींत हादऱ्यांची मालिका सुरू होतांच हजारों रहिवाशांनीं अक्रोतिरीकरांप्रमाणें बेट सोडलें. हादरे ओसरल्यावर ते परतले, आणि त्या उन्हाळ्यांत सफरीचीं जहाजेंही आलीं.