पुसता येणारा शिलालेख

दगडावर कोरलेला लेख शतकानुशतके टिकतो. पण कोरताना एखादे अक्षर चुकले, तर ती चूकही तितकीच टिकते. पाटीवरचे अक्षर ओल्या बोटाने सहज पुसता येते. पण ते केव्हा नाहीसे होईल याचा भरवसा नसतो. टिकाऊपणा आणि दुरुस्तीची सोय हे दोन गुण एकत्र क्वचितच नांदतात. कपडे धुण्याच्या यंत्रात किंवा विजेच्या मीटरमध्ये दडलेल्या छोट्याशा संगणकात मात्र ते एकत्र आलेले आहेत. या संगणकाला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. वीज गेली तरी त्याला आपले काम विसरून चालत नाही. त्याच्या ठायी कायम वस्तीला असलेल्या आज्ञावलीला फर्मवेअर असे नाव आहे.

स्मृतीचा इतिहास

आरंभीच्या अशा चिपमध्ये आज्ञावली कारखान्यातच उमटवली जाई. ती चुकली, तर चिप फेकून देण्यावाचून गत्यंतर नसे. १९७१ साली डोव्ह फ्रोमन यांनी पुसता येणारी स्मृती पुढे आणली. परंतु ती पुसण्यासाठी चिपवरील काचेच्या खिडकीतून अतिनील किरण बराच वेळ सोडावे लागत. पुढे जपानी संशोधक फुजिओ मासुओका यांनी विजेनेच झटपट पुसता येणारी स्मृती सिद्ध केली आणि १९८४ साली ती विद्वानांपुढे मांडली. छायाचित्रकाराच्या दिव्याचा लखलखाट व्हावा तशी ती क्षणात पुसली जाते, म्हणून तिला फ्लॅश हे नाव मिळाले. या स्मृतीत आज्ञावली लिहिणे म्हणजेच ‘फ्लॅश करणे’ होय.

या स्मृतीचा प्रत्येक कण म्हणजे चोहोबाजूंनी विद्युतरोधक थराने वेढलेली एक इवलीशी कोठडी आहे. जोरदार विद्युतदाब दिला, की इलेक्ट्रॉन तो थर ओलांडून आत शिरतात आणि वीज बंद झाल्यावरही तेथेच अडकून राहतात. कोठडी रिकामी असली तर एक, भरलेली असली तर शून्य, असे तिचे वाचन होते. लिहिताना एकाचे शून्य करता येते. शून्याचे पुन्हा एक करावयाचे, तर सगळे पानच्या पान पुसावे लागते.

एक प्रत्यक्ष उदाहरण

इटलीतील इव्रेआ या गावी २००५ च्या सुमारास विद्यार्थ्यांसाठी आर्डुइनो नावाचा स्वस्त बोर्ड तयार झाला. त्याच्या ‘उनो’ या प्रकारावर एटीमेगा ३२८पी ही चिप असते. तिची फ्लॅश स्मृती ३२ किलोबाइट, म्हणजे ३२,७६८ बाइट आहे. रोमन लिपीतील दोन हजार अक्षरांचे एक पान धरले, तर ही जागा जेमतेम सोळा पानांची झाली. कामापुरत्या तात्पुरत्या स्मृतीचे क्षेत्र तर केवळ दोन किलोबाइट आहे.

समजा, या बोर्डावरील दिवा दर सेकंदाला उघडझाप करावा अशी आज्ञा द्यावयाची आहे. ती प्रथम ‘सी’सारख्या भाषेत, माणसाला वाचता येईल अशा रीतीने लिहितात. चिपला ही भाषा कळत नाही. तिला केवळ अंकांच्या आज्ञा समजतात. हे भाषांतर कंपायलर नावाची आज्ञावली करते. भाषांतराचा हा भार चिपच्या तोकड्या स्मृतीला पेलणारा नसतो. म्हणून ते मोठ्या संगणकावर, पण चिपच्या भाषेत केले जाते. नंतर लिंकर हे सगळे तुकडे जोडतो आणि कोणती आज्ञा स्मृतीच्या कोणत्या क्रमांकावर बसेल हे ठरवितो.

तयार झालेली अंकांची यादी ओळीओळीने लिहिलेली असते. प्रत्येक ओळीच्या अखेरीस एक पडताळा-अंक असतो. तो धरून ओळीतील सर्व बाइटांची बेरीज केली, की शेवटचे आठ द्विमान अंक शून्य यावे लागतात. यादी संपल्याची खूण सांगणाऱ्या ओळीत शून्यांखेरीज १ आणि २५५ एवढेच असतात. त्यांची बेरीज २५६, म्हणजे आठ द्विमान अंकांपुरते पाहता शून्यच. वाटेत एखादा अंक बिघडला, तर हा हिशेब जुळत नाही आणि चूक उघडकीस येते.

दाराशी असलेला पहारेकरी

हे फर्मवेअर चिपमध्ये कोणी न्यावयाचे? त्यासाठी फ्लॅश स्मृतीच्या शेवटच्या ५१२ बाइटांत बूटलोडर नावाची एक चिमुकली आज्ञावली आधीच ठेवलेली असते. बोर्ड नव्याने सुरू करण्याचा इशारा संगणकाने दिला, की ती सुमारे सेकंदभर कानोसा घेते. नवे फर्मवेअर येत असेल, तर १२८ बाइटांचे एकेक पान पुसून त्यावर लिहिते. नाही तर जुन्या आज्ञावलीकडे काम सोपविते. लिहून झाल्यावर मजकूर पुन्हा वाचून मूळ यादीशी ताडून पाहिला जातो.

मध्येच वीज गेली, तर फर्मवेअर अर्धवट राहते. परंतु बूटलोडरचे क्षेत्र वेगळे राखलेले असल्यामुळे तो शाबूत असतो आणि लेखन पुन्हा करता येते. खरा धोका आहे तो ‘फ्यूज’ नावाच्या विशेष अंकांचा. चिपने ठोके बाहेरच्या घड्याळाकडून घ्यावेत असा फ्यूज चुकून बसविला आणि तसे घड्याळ नसले, तर चिप मुकी होते. तिला बाहेरून ठोके पुरविल्याशिवाय ती कोणाचेच ऐकत नाही.

फ्लॅश स्मृतीलाही झीज आहे. उत्पादकाच्या माहितीप्रमाणे या चिपची फ्लॅश स्मृती सुमारे १०,००० वेळा पुसून लिहिता येते. रोज दहा वेळा लिहिले, तरी ती हजार दिवस पुरेल. एकदा लिहिलेला मजकूर मात्र २५ अंश सेल्सिअस तापमानात शंभर वर्षे टिकावा, असा अंदाज आहे.

हृदयाशी निगडित प्रश्न

दिवा लुकलुकला नाही, तर फारसे बिघडत नाही. परंतु हेच काम माणसाच्या छातीत बसविलेल्या यंत्रावर करावयाचे असले, तर? ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तेथील सुमारे ४,६५,००० पेसमेकरांसाठी नव्या फर्मवेअरला मान्यता दिली. जुन्या फर्मवेअरमधील एका उणिवेमुळे जवळ आलेल्या तिऱ्हाइताला यंत्राच्या कामात बिनतारी ढवळाढवळ करता येण्याचा संभव होता. नवे लेखन रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, सुमारे तीन मिनिटांत होई. त्या अवधीत यंत्र मिनिटाला ६७ ठोके देण्याचे राखीव काम चालू ठेवी. लेखन अपुरे राहून जुने फर्मवेअर परत घ्यावे लागण्याचा धोका ०.१६१ टक्के, तर यंत्र पूर्ण निकामी होण्याचा ०.००३ टक्के असल्याचे सांगण्यात आले होते. म्हणूनच सरसकट सर्वांना घाई न करता, प्रत्येक रुग्णाने डॉक्टरांशी विचारविनिमय करून निर्णय घ्यावा, असे सुचविले गेले.

शाळेच्या प्रयोगशाळेतील बोर्ड आणि हृदयाजवळील यंत्र यांत महत्त्वाचे अंतर चुकीच्या किमतीचे आहे. शिस्त मात्र एकच आहे. जुनी प्रत जपून ठेवावी, वीजपुरवठा पक्का असावा, पहारेकऱ्याच्या जागेला हात लावू नये आणि लिहिलेले पुन्हा वाचून पाहिल्याशिवाय काम पुरे झाले असे मानू नये.