नवा एअर फिल्टर बसवल्यावर इंजिन का अडखळते?
मोटारीत मूळ भागाऐवजी बाजारातील वेगळा एअर फिल्टर व नळी बसवल्यानंतर अ‍ॅक्सिलरेटर दाबताच इंजिन अडखळत असेल, तर ओव्हरटेक करताना ते धोकादायक ठरू शकते. एक किलो पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. अनेक मोटारींत आत येणारी हवा नळीतील सेन्सर मोजतो व त्यानुसार इंधन सोडले जाते. नळीचा व्यास बदलल्यास किंवा फिल्टरचे जादा तेल सेन्सरवर बसल्यास मोजमाप चुकते. सेन्सर व इंजिन यांच्यामधील जोड सैल असल्यास न मोजलेली हवा आत शिरून इंधन अपुरे पडते. म्हणून प्रथम क्लॅम्प व सेन्सरचा प्लग तपासावा. सेन्सर केवळ त्यासाठीच्या क्लीनरनेच स्वच्छ करून वाळू द्यावा. तरीही सुधारणा न झाल्यास मूळ भाग पुन्हा बसवून पाहावा. इंजिन सुरळीत चालले, तर दोष नव्या भागात किंवा त्याच्या जोडणीत असल्याचे स्पष्ट होते.