नवीन सदस्यांसाठी मार्गदर्शन: मुळशीविषयी लेखन

मराठी विकिपीडिया हा १ मे २००३ रोजी सुरू झालेला, स्वयंसेवकांनी घडवलेला मुक्त ज्ञानकोश आहे. त्यात कोणालाही संपादन करता येते. मात्र प्रत्येक विधान वाचकाला पडताळून पाहता आले पाहिजे. पुणे जिल्ह्यातील मुळशीविषयी लिहिताना या अटीचे महत्त्व विशेष जाणवते.

योग्य लेखाची निवड

'मुळशी' या नावाने तालुका, धरण आणि सत्याग्रह असे तीन विषय ओळखले जातात. तालुक्याचे मुख्यालय पौड येथे आहे. धरण मुळा नदीवर असून त्याचे पाणी पश्चिमेला भिरा येथील वीजगृहाकडे नेले जाते. टाटा कंपनीच्या या धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सुरू केलेला सत्याग्रह हा स्वतंत्र लेखाचा विषय होय.

संदर्भ आणि तटस्थता

गाव पाण्याखाली गेल्याची आठवण घराघरांत सांगितली जाते. परंतु केवळ ऐकीव माहिती ग्राह्य धरली जात नाही. तिला प्रकाशित आधार शोधावा. सत्याग्रहाचे एक पुढारी विनायकराव भुस्कुटे यांचा 'मुळशी सत्याग्रह' हा ग्रंथ असे एक साधन आहे. ग्रंथकार स्वतः लढ्यात सहभागी असल्याने त्यातील मते त्यांच्या नावानिशी द्यावीत. बुडालेल्या गावांच्या संख्येत साधनांमध्ये फरक आढळल्यास दोन्ही आकडे संदर्भासह नोंदवावेत. सेनापती बापट यांच्याविषयी 'थोर', 'महान' अशी विशेषणे न योजता त्यांचे कार्य व कारावास सांगावा.

आधाराअभावी वगळलेला मजकूर सहसा पानाच्या इतिहासात राहतो. संदर्भ मिळताच तो पुन्हा घालता येतो.