आधी पडणे, मग पाडणे

कराटे, जुदो, तायक्वांदो यांचे वर्ग आता तालुक्याच्या गावीही दिसतात. शाळेच्या मैदानावर पांढरे कपडे घातलेली मुले रांगेत उभी राहून हवेत ठोसे मारतात, अधूनमधून परीक्षा होते आणि पट्ट्याचा रंग बदलतो. काळा पट्टा कधी मिळणार, एवढेच पालक विचारतात. या विद्या शिकवतात कशा आणि तशाच का, हे सहसा कोणी विचारत नाही. शिक्षकांना तरी या प्रश्नात रस वाटावा, कारण त्याचे एक फार चांगले उत्तर ज्यांनी शोधले, ते गृहस्थ पेशाने शिक्षकच होते.

जिगोरो कानो (1860–1938) हे त्यांचे नाव. तोक्योच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे ते अनेक वर्षे प्राचार्य होते. विद्यार्थिदशेत त्यांनी जुजुत्सु ही निःशस्त्र झुंजीची जुनी विद्या शिकायला सुरुवात केली. सामुराईंचा काळ सरला होता आणि तिच्याकडे कोणाचे फारसे लक्ष उरले नव्हते. आपल्या पहिल्या गुरूंची एक हकिगत कानोंनी सांगून ठेवली आहे. गुरूंनी त्यांना एका डावाने फेकले. कानोंनी उठून विचारले, की हा डाव नेमका कसा करायचा? गुरूंनी उत्तरादाखल त्यांना पुन्हा फेकले. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. शेवटी गुरू म्हणाले, की असे विचारून काही समजत नसते, हजारो वेळा केले म्हणजे येते. आपल्याकडच्या गाण्याच्या किंवा कुस्तीच्या उस्तादांची आठवण व्हावी असाच हा प्रसंग आहे.

गुरूंचे म्हणणे निम्मे खरे होते. कानोंना उरलेला निम्मा भाग हवा होता. फेकला जाणारा माणूस नेमका कशामुळे पडतो, याचा शोध घेताना त्यांनी प्रत्येक डावाचे तीन टप्पे पाडले. प्रतिस्पर्ध्याचा तोल घालवणे, आपले शरीर योग्य जागी आणणे आणि मग प्रत्यक्ष फेकणे. पहिल्या टप्प्याला जपानीत ‘कुझुशी’ म्हणतात, आणि सगळी गंमत तिथेच आहे. उभ्या माणसाच्या गुरुत्वमध्यातून खाली काढलेली रेषा दोन्ही पावलांनी व्यापलेल्या जागेत पडते तोवर तो उभा राहतो. ती रेषा बाहेर गेली आणि पाऊल हलवायला सवड मिळाली नाही, की तो कोसळतो. वर्गात करून पाहा: भिंतीला टाचा व पाठ टेकवून उभे राहा आणि गुडघे न वाकवता पायाचे अंगठे धरा. ते जमत नाही. वाकताना एरवी आपण नकळत कंबर मागे नेतो, ती वाट भिंतीने बंद केलेली असते. जुदोपटू हेच करतो. फक्त भिंतीचे काम त्याचा पाय किंवा कंबर करते.

1882 मध्ये कानोंनी तोक्योतल्या एका बौद्ध मंदिरात आपली शाळा काढली. बारा तातामी, म्हणजे बारा गवती चटया मावतील एवढी जागा आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतके विद्यार्थी. तिचे नाव कोदोकान. आज जगभर पसरलेल्या जुदोचे ते मूळ घर.

कानोंचे खरे मोठेपण मात्र डावांच्या विश्लेषणात नाही, ते सरावाच्या रचनेत आहे, असे आम्हांला वाटते. जुन्या विद्येत डोळ्यांवर, गळ्यावर, मर्मस्थानांवर करायचे आघात पुष्कळ होते. जोडीदारावर ते खरोखर करून पाहणे शक्य नव्हते. म्हणून त्यांचा सराव ठरवून दिलेल्या क्रमाने चाले: तू असा हात उचल, मी असा अडवतो. यालाच ‘काता’ म्हणतात. कानोंनी असे धोकादायक प्रकार कातापुरते राखून ठेवले. उरलेल्या डावांचा दोघांनी सर्व ताकदीनिशी, काहीही न ठरवता मुक्त सराव करायचा. हा ‘रांदोरी’. काता म्हणजे व्याकरण आणि रांदोरी म्हणजे निबंधलेखन, अशी उपमा ते देत. शिवाय व्याख्यान आणि प्रश्नोत्तरे हीसुद्धा त्यांच्या शिक्षणपद्धतीची अंगे होती. प्रश्न विचारल्यावर फेकले जाण्याचा अनुभव ते विसरले नसावेत!

वरवर पाहता हे उलटे वाटेल. घातक डाव वगळून विद्या दुबळी व्हायला हवी होती. पण ‘हा ठोसा प्राणघातक आहे’ असे विद्यार्थ्याला वर्षानुवर्षे सांगितले आणि विरोध करणाऱ्या माणसावर तो एकदाही वापरला गेला नाही, तर ते विधान आणि प्रयोगाने कधीच न तपासलेला सिद्धांत यांत फरक काय? रांदोरीत प्रत्येक क्षणी निकाल लागतो. माझी पकड चुकली तर मी पडतो. कोणी तोंडाने चूक सांगण्याची गरजच राहत नाही.

अर्थात असा निर्भय सराव करायचा तर पडणाऱ्याला इजा होता कामा नये. म्हणून जुदोच्या शाळेत पाडण्याआधी पडायला शिकवतात. या कौशल्याला ‘उकेमी’ म्हणतात. हनुवटी छातीकडे घ्यायची, पाठ गोल करायची, आणि पाठ टेकते त्याच क्षणी सरळ हाताने चटईवर जोरात थाप मारायची. नवख्याला ही थाप म्हणजे दिखाऊपणा वाटतो. पण तिच्यामुळे आघात हाताच्या लांबीवर वाटला जातो आणि हात मागे टेकवून मनगट मोडून घेण्याची उपजत सवय मोडते. हनुवटीचे काम त्याहून महत्त्वाचे आहे. त्यामुळे डोके जमिनीला लागतच नाही.

डोके लागले तर काय होते, याचा हिशोब आठवी-नववीच्या मुलांनाही करता येईल. एक मीटर उंचीवरून पडणारी वस्तू जमिनीशी पोचते तेव्हा तिचा वेग सेकंदाला सुमारे 4.4 मीटर असतो. ती थांबताना होणारे सरासरी मंदन गुरुत्वत्वरणाच्या किती पट, हे काढायला पडण्याची उंची भागिले थांबण्याचे अंतर एवढेच करायचे. फरशीवर डोके एक सेंटिमीटरात थांबले तर शंभर पट. चटई पाच सेंटिमीटर दबली तर वीस पट. तालमीच्या हौद्यातली लाल माती खणून, तेल-ताक घालून मऊ ठेवतात, त्यामागचे एक कारण हेच.

दुसरा हिशोब वेळेचा. एक मीटर पडायला 0.45 सेकंद लागतात. पाहून प्रतिसाद द्यायलाच माणसाला साधारण 0.2 सेकंद लागतात (मित्राने सोडलेली पट्टी बोटांत पकडण्याचा प्रयोग करा; ती सुमारे वीस सेंटिमीटर निसटते). मग ‘हनुवटी आत घ्यायची’ हे आठवायला वेळ उरतो कुठे? ते विचाराविना घडायला हवे. त्यासाठी बसून, उकिडवे होऊन, मग उभ्याने, शेकडो वेळा पडावे लागते. पहिल्या गुरूंचे म्हणणे इथे पूर्ण खरे ठरते.

हा क्रम मोडल्यावर काय घडते, ते जुदोच्या मायभूमीतच दिसले. 1983 नंतरच्या सुमारे तीन दशकांत जपानी शाळांमध्ये जुदो खेळताना शंभराहून अधिक मुले दगावली. यांत डोक्याच्या इजा सर्वाधिक होत्या आणि बळी पडलेल्यांत नुकतीच सुरुवात केलेली पहिल्या वर्षाची मुले जास्त होती. ‘ओसोतोगारी’ या डावात प्रतिस्पर्ध्याचा पाय मागून उडवून त्याला सरळ पाठीवर पाडतात. डोके मोठ्या कंसात मागे फिरते. कवटी झटक्याने थांबते, मेंदू मागे राहतो आणि त्याच्या पृष्ठभागापासून बाहेरच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणून तुटतात. आत रक्त साचते. असा झटका डोके जमिनीला न लागताही बसू शकतो, म्हणजे केवळ जाड चटई अंथरून भागत नाही. मानेच्या स्नायूंनी डोके धरून ठेवायला शिकलेच पाहिजे.

फ्रान्समध्ये नोंदणी केलेले जुदोपटू जपानपेक्षा कितीतरी अधिक, आणि त्यांत मुलांचा भरणा मोठा. तिथे अशा मृत्यूंची मालिका दिसत नाही. तिथे 1955 पासून जुदो शिकवण्यासाठी कायद्यानेच प्रमाणपत्र लागते. चांगला खेळाडू असणे पुरत नाही. जपानमध्ये 2012 साली माध्यमिक शाळांत युद्धकला सक्तीच्या झाल्या, तेव्हा पालकांत चिंता पसरली. राष्ट्रीय जुदो महासंघाने 2013 पासून प्रशिक्षकांसाठी पात्रतेची पद्धत सुरू केली. 2022 मध्ये महासंघाने प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धाच बंद केली. दहा-बारा वर्षांच्या मुलांना वजन घटवायला लावणे, मैदानाबाहेरून पालकांनी व प्रशिक्षकांनी ओरडणे असे प्रकार वाढले होते. जिंकण्याची घाई झाली, की सर्वांत आधी कात्री लागते ती पडण्याच्या सरावाला.

तेव्हा शाळेत असा वर्ग सुरू व्हायचा असेल, तर प्रशिक्षकाच्या भिंतीवरची पदके मोजण्याऐवजी पहिल्या महिन्याचा सराव जाऊन पाहावा. मुले कशावर पडतात? नवख्याची जोडी कोणाशी लावतात? वजनात आणि अनुभवात फार अंतर असेल तर धोका वाढतो. आणि पडल्यानंतर डोके दुखते, मळमळते असे मुलाने सांगितले, तर त्याला बाजूला बसवून डॉक्टरकडे नेतात, की ‘सवय होईल’ म्हणून पुन्हा चटईवर उभे करतात? त्या पहिल्या डोकेदुखीचे कारण आत सुरू झालेला रक्तस्राव असू शकतो. आणि दुसरी धडक त्याच दिवशी बसली पाहिजे असेही नाही. मेंदू सावरण्याआधी बसली, तर काही दिवसांनंतरची साधी आपटीही जिवावर बेतू शकते.