भयाचे श्रवण

दिवाळीत हातात फटाका फुटून भाजलेले मूल पुढे फटाक्याच्या आवाजाने दचकते, यात नवल नाही. परंतु ताट पडल्याच्या किंवा दार आपटल्याच्या आवाजानेही ते थरथरू लागले, तर भय आपले मूळ कारण सोडून पसरले, असे म्हणावे लागते. कान तेच, आवाजही नेहमीचेच; बदल होतो तो मेंदूत.

कानाकडून आलेला ध्वनिसंदेश मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमसमध्ये पोहोचतो. तेथून एक वाट मेंदूच्या पृष्ठभागावरील श्रवणकेंद्राकडे जाते, तर दुसरी, जवळची वाट ‘अमिग्डला’ या बदामाच्या आकाराच्या भागाकडे. भयाची शिकवण प्रामुख्याने येथे साठते. श्रवणकेंद्रही त्यापासून अलिप्त राहत नाही. त्यातील प्रत्येक मज्जापेशीला एखाद्या विशिष्ट उंचीचा स्वर अधिक मानवतो. अमेरिकेत बेकिन व वाइनबर्गर यांनी गिनीपिगांना एका स्वराबरोबर विजेचा धक्का दिला, तेव्हा काही पेशींची ही आवड त्या भयसूचक स्वराकडे सरकल्याचे १९९० साली त्यांनी दाखविले.

हे झाले नेमक्या भयाविषयी. भय पसरते कसे, याचा शोध बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुप्रिय घोष व सुमंत्र चट्टर्जी यांनी घेतला; त्यांचा निबंध २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी उंदरांना दोन स्वर ऐकविले. एका स्वराबरोबर विजेचा धक्का बसे, दुसऱ्याबरोबर नाही. धक्का सौम्य असता उंदीर पहिल्याच स्वराला जागच्या जागी थिजत. धक्का तीव्र होताच निरुपद्रवी स्वरालाही ते तसेच थिजू लागले.

अमिग्डलातील पेशींच्या विद्युत्‌संदेशांची नोंद घेतली असता मोठी मार्मिक गोष्ट आढळली. ज्या पेशी पूर्वी फक्त धोक्याच्या स्वराला प्रतिसाद देत, त्यांतील अनेक पेशी आता दोन्ही स्वरांना सारखाच प्रतिसाद देऊ लागल्या होत्या. म्हणजे भयासाठी निराळ्या पेशी पुढे आल्या असे नव्हे; पारख करणाऱ्या पेशींनीच आपली पारख गमावली! हे पसरलेले भय प्रकट होण्यास अमिग्डलाची क्रिया आवश्यक ठरली, श्रवणकेंद्राची मात्र नाही. उलट, अमिग्डलातील पेशींची उत्तेजनक्षमता औषधाने वाढविली असता भय पसरलेले दिसले.

उंदरावरून माणसाचे अनुमान जपूनच करावे लागते. तथापि युद्ध, अपघात किंवा भूकंप यांतून वाचलेल्या कित्येकांना साध्या आवाजाचाही धसका बसतो, आणि त्यांना ‘भित्रा’ म्हणून हिणविले जाते. अशा माणसाच्या बाबतीत उणेपणा धैर्यात नसून, धोक्याचा आवाज व निर्धोक आवाज यांतील भेद ओळखणाऱ्या पेशींत असणे शक्य आहे.