आधी तुकडा, मग औषध

नोव्हेंबर हा फुप्फुसाच्या कर्करोगाबद्दल जागृतीचा महिना. याच सुमारास दादरच्या शिवाजी पार्क मैदानाची लाल माती उडायला लागते आणि तिथल्या कट्ट्यावर दोन्ही विषय एकात एक मिसळतात. माती काढण्याचे आदेश, आयआयटीचा सल्ला, गवत लावण्याचे प्रयत्न हे सगळं वाचकांना पाठ आहे. त्यातला ‘या धुळीने कॅन्सर होतो का?’ हा प्रश्न तेवढा आधी घेऊ. मैदानावरची माती बहुतांशी जाड कणांची असते. ती नाकात-घशात अडकते, दमेकऱ्यांचे हाल करते आणि तेवढ्या कारणासाठीसुद्धा ती उडायची थांबलीच पाहिजे. कर्करोगाशी नातं पक्कं जुळलं आहे ते त्याहून बारीक, अडीच मायक्रॉनच्या आतल्या कणांचं. ते गाड्यांच्या धुरातून, जाळलेल्या कचऱ्यातून येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्येच बाहेरच्या दूषित हवेला कर्करोगकारक ठरवलं. लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेच्या गटाने २०२३ मध्ये दाखवून दिलं की, फुप्फुसात आधीपासून दबून बसलेल्या बिघडलेल्या पेशींना हे कण चेतवतात. आयुष्यात विडी-सिगारेटला हात न लावलेल्यांनाही हा आजार का होतो, याचा एक धागा तिथे सापडतो.

हवेची लढाई लढायलाच हवी. पण एक्स-रेवर डाग दिसल्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत आपल्याकडे जे घडतं, त्याबद्दल कट्ट्यावर कोणी बोलत नाही. मला आज त्यावर लिहायचं आहे.

खोकला हटत नाही, वजन उतरलंय, बारीक ताप येतो. एक्स-रे काढला तर वरच्या भागात डाग. भारतात वर्षाला सुमारे २८ लाख लोकांना क्षयरोग होतो. फुप्फुसाच्या कर्करोगाचे नवे रुग्ण २०२२ मध्ये ८१ हजारांच्या आसपास होते. त्यात हा दादर-परळचा गिरण्यांचा, चाळींचा पट्टा आणि शिवडीचं टीबी रुग्णालय जवळच. डॉक्टरांच्या मनात पहिलं नाव टीबीचं येणारच, आणि ते यायलाही हवं. घोडं पेंड खातं ते पुढे. थुंकीत जंतू सापडलेला नसतो, कधी थुंकी तपासायलाच दिलेली नसते, तरी ‘एकेटी (टीबीची औषधं) सुरू करून बघू’ असं ठरतं. गोळ्या सुरू होतात, लघवी केशरी होते, घरच्यांना वाटतं औषध लागू पडतंय. दोन महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढावा तर डाग वाढलेला. मग कोणी तरी म्हणतं, एकदा परळला, टाटा मेमोरियलमध्ये दाखवा. सुरुवातीचे महिने टीबीच्या औषधात गेलेल्या अशा रुग्णांचे अनुभव देशातल्या अनेक रुग्णालयांनी नोंदवून प्रसिद्ध केले आहेत. शस्त्रक्रियेने निघाली असती अशी गाठ या काळात हाताबाहेर जाऊ शकते.

नुसत्या चित्रावरून निकाल लावता येत नाही, ही यातली खरी अडचण. सीटी स्कॅनमध्ये ३ सेंटिमीटरपेक्षा मोठा भरीव डाग, कडेला काट्यांसारख्या रेषा, असं दिसलं की कर्करोगाचा संशय बळावतो. पण टीबीची गाठही असं सोंग घेते आणि कर्करोगालाही टीबीसारखी आतून पोकळी पडू शकते. पेट स्कॅन महागडा, त्यामुळे त्यावर लोकांचा भारी विश्वास. पण त्यात दोन्ही उजळतात, कारण तो स्कॅन साखर खाणाऱ्या पेशी दाखवतो आणि टीबीने सुजलेल्या भागातल्या पेशीही भरपूर साखर खातात. बुरशीचा गोळा, जुना व्रण, निरुपद्रवी गाठ असे आणखीही उमेदवार असतात. काही वेळा टीबी आणि कर्करोग एकाच छातीत नांदतात. म्हणून गाठीचा तुकडा काढावाच लागतो, म्हणजे बायोप्सी.

गाठ छातीच्या भिंतीजवळ असेल तर सीटीच्या टेबलावर रुग्णाला झोपवतात, कातडी बधिर करतात, श्वास रोखायला सांगतात आणि स्कॅनवर बघत बघत सुई आत नेतात. शेवयांच्या तुकड्यांसारखे बारीक, पांढुरके धागे बाहेर येतात. गाठ श्वासनलिकेजवळ असेल तर ब्रॉन्कोस्कोपी. छातीच्या मधल्या लसिका ग्रंथींसाठी दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफी बसवलेली असते, तिच्या आधाराने सुई मारतात. यातली एक बाब रुग्णाच्या नातेवाइकांनी तोंडपाठ करावी अशी आहे. नमुना दोन बाटल्यांत जायला हवा: एक फॉर्मेलिनची, पेशी बघण्यासाठी; दुसरी साध्या सलाइनची, टीबीच्या तपासणीसाठी. सगळाच तुकडा फॉर्मेलिनमध्ये बुडवला की जंतू मरतात, त्याचं कल्चर होऊ शकत नाही. सुई मारून झाली, धोका पत्करून झाला, आणि निम्मं उत्तर हातचं गेलं. ‘दुसरी बाटली ठेवलीय ना?’ एवढं आधी विचारायला लाजू नका. टीबीचा जंतू आहे का आणि तो रिफाम्पिसिनला दाद देतो का, हे सांगणारी जीनएक्सपर्ट चाचणी यंत्रात सुमारे दोन तासांत होते. कल्चरला मात्र आठवडे लागतात.

‘सुई लावली की गाठ पसरते’ ही भीती घराघरात आहे. सुईच्या वाटेवर कर्करोग रुजणं अतिशय दुर्मीळ. खरा धोका वेगळा आहे: फुप्फुसाभोवती हवा शिरण्याचा. साधारण पाचात एकाच्या बाबतीत तसं होतं. बहुतेकांची हवा आपोआप जिरते, थोड्यांना नळी घालावी लागते. म्हणून तर सुईनंतर काही तास थांबवून पुन्हा एक्स-रे काढतात. हायडॅटिडच्या, म्हणजे कृमीमुळे होणाऱ्या पाण्याच्या गाठीत सुई घालणं धोक्याचं असतं, हेही खरं. ती शंका सीटी बघूनच दूर करतात.

तुकड्याचं हे महत्त्व याच परळमध्ये एका माणसाने रुजवलं, त्याचं नाव मात्र दादरच्या नव्या पिढीच्या कानावर नसतं. डॉ. वसंत रामजी खानोलकर. जन्म १८९५ चा, क्वेट्टाचा. विकृतिशास्त्राचं, म्हणजे पॅथॉलॉजीचं शिक्षण लंडनचं. अध्यापन शेठ जी. एस. मेडिकलमध्ये. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल सुरू झालं आणि तिथल्या प्रयोगशाळांची, संशोधनाची सूत्रं त्यांच्याकडे आली. पुढे १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र त्यांनीच उभं केलं, नंतर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. काचपट्टीवरची पेशी आणि त्या रुग्णाच्या तंबाखूपासून सगळ्या सवयी त्यांनी एकत्र तपासल्या. भारतातल्या विकृतिशास्त्राचे जनक म्हणतात ते त्यांनाच. आज सर्जनचं नाव रुग्णाच्या तोंडी असतं, रोगाचं नाव ठरवणारा पॅथॉलॉजिस्ट मात्र त्याला दिसतही नाही. मला हे फार खटकतं, कारण पुढचा सगळा खर्च, सगळा त्रास त्याच्या रिपोर्टच्या एका कागदावर अवलंबून असतो.

आता तर त्या तुकड्याकडून नुसतं ‘कर्करोग आहे’ एवढंच कळून भागत नाही. कोणत्या जातीचा, ईजीएफआर किंवा एएलके जनुकात बदल आहे का, हेही बघावं लागतं. भारतीय रुग्णांत ईजीएफआरचा बदल साधारण चौघांत एकाला सापडतो, आणि अशांचा उपचार गोळीवर सुरू होऊ शकतो. टाटा मेमोरियलच्या डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी अशा ३५० रुग्णांवर अभ्यास केला, तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. नुसती जेफिटिनिब गोळी घेणाऱ्यांचा आजार सरासरी ८ महिने आटोक्यात राहिला. गोळीबरोबर केमो घेणाऱ्यांचा १६ महिने. त्रास जास्त झाला, पण काळ दुप्पट मिळाला. परळच्या वॉर्डातून निघालेलं हे उत्तर जगभर वाचलं गेलं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

हे झालं पसरलेल्या आजाराचं. लवकर सापडलेल्या गाठीचा मार्ग तुलनेने सरळ: फुप्फुसाचा तो खंड आणि जवळच्या लसिका ग्रंथी काढायच्या, हल्ली बऱ्याचदा दुर्बिणीतून. शस्त्रक्रिया झेपणार नसेल तर नेमक्या जागी मोठ्या मात्रेचे किरण. छातीच्या मधल्या ग्रंथींपर्यंत आजार गेला असेल तर केमो आणि रेडिएशन एकत्र, पुढे इम्युनोथेरपी.

टीबीची औषधं पुराव्याशिवाय कधीच देऊ नयेत, असं माझं म्हणणं नाही. जंतू सापडत नाही आणि रुग्ण खंगत चाललाय, अशा वेळी अनुभवी डॉक्टर ती देतात, ते योग्यही असतं. पण त्याच दिवशी केसपेपरवर पुढची तारीख लिहून घ्यावी: या तारखेला पुन्हा एक्स-रे, डाग कमी झाला नाही तर तुकडा. चाळिशी ओलांडलेली असेल, थुंकीतून रक्त पडत असेल किंवा आवाज बसला असेल तर ही तारीख जवळची असावी, आणि सीटी पहिल्याच आठवड्यात.

दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरणारी माणसं विदर्भातून, मराठवाड्यातून एक्स-रेच्या पिशव्या घेऊन येतात. त्या पिशवीत बहुधा फिल्म असतात, रिपोर्ट असतात. तुकडा ज्यात जपून ठेवतात तो मेणाचा ब्लॉक आणि त्यावरून केलेल्या काचपट्ट्या मात्र गावच्या प्रयोगशाळेत राहिलेल्या असतात. मग निदान पुन्हा पडताळायला त्या मागवाव्या लागतात, जनुकांच्या तपासण्या अडतात, नाहीतर नव्याने सुई मारावी लागते. गावाहून निघण्याआधी पावती दाखवून ब्लॉक आणि काचपट्ट्या मागून घ्या. ब्लॉक डब्यात, उन्हापासून लांब ठेवा, आणि ओपीडीत पहिल्याच भेटीत टेबलावर ठेवा.