मतपत्रिकेवर नाव नव्हतं, तरी महापौर झाला!

मतपत्रिकेवर ज्याचं नावच छापलेलं नाही, असा माणूस निवडून येईल का? आपल्या गावच्या पारावर कुणी असं म्हणालं तर मंडळी त्याला वेड्यात काढतील. पण अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात २०२१ साली हेच घडलं. ग्रामपंचायतीची निवडणूक लढवणाऱ्यांनी आणि ती पार पाडणाऱ्यांनीही ही हकिकत समजून घेण्यासारखी आहे.

नाव ऐकून तुम्हाला म्हैस आठवेल, पण या शहराचं मोठेपण गव्हावर उभं राहिलं. ईरी सरोवराच्या काठी हे शहर आहे. १८२५ साली ईरी कालवा पुरा झाला आणि पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांचा गहू सरोवरातून जहाजाने इथे येऊन कालव्याने न्यूयॉर्ककडे जाऊ लागला. हा माल हमाल पाठीवरून उतरवत. १८४२ साली जोसेफ डार्ट या व्यापाऱ्याने वाफेच्या यंत्रावर धान्य वर चढवणारं कोठार बांधलं, आणि बंदराचं रूपच पालटलं. पुढे १९५९ साली सेंट लॉरेन्स नदीचा जलमार्ग मोठ्या जहाजांना खुला झाला, तसा माल बफेलोला वळसा घालून जाऊ लागला. शेजारचा पोलादाचा कारखानाही बसला. १९५० साली पावणेसहा लाखांच्या वर असलेली वस्ती २०२० च्या जनगणनेत पावणेतीन लाखांच्या जवळपास उरली.

अशा शहराचा महापौर म्हणजे नुसता हारतुऱ्यांचा धनी नव्हे. आपल्या महापालिकेत नगरसेवक महापौर निवडतात आणि कारभाराच्या चाव्या आयुक्तांकडे असतात. तिथे जनता महापौराला थेट निवडते आणि कारभारही तोच हाकतो. पोलीस त्याच्या हाताखाली, अंदाजपत्रक तोच मांडणार, आणि रस्त्यावरचा बर्फ वेळेत उचलला नाही तर शिव्याही त्यालाच!

२०२१ मध्ये या खुर्चीवर बायरन ब्राऊन होते. २००५ साली पहिल्यांदा निवडून आलेले, शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर, सलग चार वेळा विजयी. आता पाचवी खेप. समोर उभ्या राहिल्या श्रीमती इंडिया वॉल्टन. नाव इंडिया असलं तरी बाई तिथल्याच. पेशाने परिचारिका, चार मुलांची आई, गरीब वस्तीतल्या घरांच्या प्रश्नावर काम केलेल्या आणि स्वतःला उघडपणे समाजवादी म्हणवणाऱ्या.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्याकडे पक्षाचं तिकीट मुंबई-दिल्लीत ठरतं. तिथे तिकिटासाठीच आधी मतदान होतं, आणि तेही सरकारी निवडणूक यंत्रणाच घेते. न्यूयॉर्क राज्यात या पहिल्या फेरीत त्या पक्षाचे म्हणून नोंदलेले मतदारच मत देऊ शकतात. बफेलोत डेमोक्रॅटिक पक्षाचा इतका जोर, की १९६० च्या दशकापासून दुसऱ्या मोठ्या पक्षाचा महापौर झालेला नाही. म्हणजे जूनमध्ये तिकीट मिळालं की नोव्हेंबरचा गुलाल ठरलेलाच.

ब्राऊन यांनीही तसंच धरून चाललं. वॉल्टन यांच्याशी जाहीर वादविवाद करायचं त्यांनी टाळलं, प्रचारही जेमतेम. बाईंचे कार्यकर्ते मात्र दारोदार फिरत होते. २२ जूनला मतदान झालं. पावणेतीन लाखांच्या शहरात तेवीस हजारांच्या आसपास मतं पडली, आणि हजारभर मतांनी महापौर आडवे!

मग धावपळ सुरू झाली. अपक्ष म्हणून नाव लावावं, तर सह्यांचा अर्ज भरायची मुदत मे महिन्यातच संपलेली. ब्राऊन यांनी ऑगस्टमध्ये अर्ज दिला, तो उशिरा म्हणून फेटाळला. ते कोर्टात गेले. खालच्या कोर्टांनी नाव छापायला सांगितलं, सप्टेंबरमध्ये वरच्या कोर्टांनी ते आदेश फिरवले. मतपत्रिकेवर या पदासाठी छापलेलं नाव एकच राहिलं – वॉल्टन.

पण त्या मतपत्रिकेवर एक कोरी जागा असते. छापलेल्यांपैकी कुणी नको असेल तर मतदाराने तिथे आपल्या मनातलं नाव लिहायचं. स्पेलिंग थोडं चुकलं तरी हेतू स्पष्ट असेल तर मत धरतात. ब्राऊन यांनी सगळा प्रचार या कोऱ्या जागेवर लावला. नाव लिहायला अडचण नको म्हणून त्यांच्या नावाचे रबरी शिक्के वाटले गेले. चिन्हावर शिक्का मारण्याचा आपला जुना काळ ज्यांनी पाहिलाय त्यांना याची गंमत वाटेल. फरक एवढाच, की इथे शिक्का मतदाराने घरून आणायचा!

पुढाऱ्यांची तारांबळ उडाली. सिनेटर चक शूमर यांनी पक्षाच्या उमेदवार म्हणून वॉल्टन यांना पाठिंबा दिला, राज्यपाल कॅथी होकल तटस्थ राहिल्या. रिपब्लिकनांचा उमेदवारच नव्हता; त्यांच्यातले अनेकजण ब्राऊन यांच्या मागे गेले.

२ नोव्हेंबरला रात्री यंत्रांनी एवढंच सांगितलं, की हाताने लिहिलेली मतं जास्त आहेत. कुणाचं नाव लिहिलंय हे नंतर माणसांनी एकेक पत्रिका पाहून मोजलं. ब्राऊन ३८ हजारांच्या वर, वॉल्टन २५ हजारांच्या वर.

हे आकडे जूनशेजारी ठेवून पहा. बाईंची मतं दुपटीहून वाढली, तरी त्या हरल्या. कारण जूनमध्ये घरी बसलेले, आणि दुसऱ्या पक्षाचे म्हणून ज्यांना तेव्हा मतच नव्हतं ते, असे दोन्ही मतदार नोव्हेंबरमध्ये बाहेर पडले. काहींच्या मते पक्षाचा कौल झुगारून ब्राऊन यांनी रडीचा डाव खेळला. मला तसं वाटत नाही. कोरी जागा कायद्यानेच दिलेली होती. मात्र जूनमध्ये त्यांनी चार वाड्या पायी फिरायचे कष्ट घेतले असते, तर शिक्क्यांचा खर्च वाचला असता.

आपल्याकडे ही सोय नाही. यंत्रावर छापलेली नावं आणि शेवटी 'नोटा', बस्स. सरपंच थेट निवडायचा कायदा २०१७ साली आला, २०२० मध्ये गेला, २०२२ मध्ये परत आला. पण अर्जाची मुदत हुकली की तुमची पाच वर्षं गेली म्हणून समजा.

ब्राऊन यांनी ती पाचवी मुदत पुरी केली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये राजीनामा देऊन ते घोड्यांच्या शर्यतींवर पैजा घेणाऱ्या सार्वजनिक महामंडळाचे प्रमुख झाले. नगरपरिषदेतले ख्रिस्तोफर स्कॅनलन हंगामी महापौर झाले. जून २०२५ च्या तिकिटाच्या फेरीत राज्य सिनेटर शॉन रायन यांनी त्यांना हरवलं आणि नोव्हेंबरची निवडणूकही जिंकली. या खेपेला शिक्के कुणाला काढावे लागले नाहीत.